तिसरी सीट

डोंबिवलीत बायकोवर प्रेम करणारे पुष्कळ असतील (मीही करतो असं मला वाटतं, घरी दुमत आहे), पण त्यापायी रोज संध्याकाळी शेअर रिक्षाच्या आख्ख्या रांगेच्या शिव्या खाणारा माणूस एकच, आमचा रिक्षावाला. मागे तीन माणसं बसवायची पद्धत. हा दोघांनाच घेतो. तिसरी सीट बायकोची. ती मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरते आणि सुटल्यावर वाटेत पाण्याच्या टाकीपाशी उभी असते. रांगेतून कुणी ओरडलं की हा शांतपणे म्हणतो, "रिझर्व्हेशन आहे." ती बसली की रिक्षाभर गरम मसाल्याचा वास सुटतो, आणि हा आरशातून तिच्याकडे इतका बघतो की रस्त्यावर लक्ष ठेवायचं काम आम्हा पॅसेंजरांवर येतं. भांडण असलं तर बोलणं माझ्यामार्फत. "साहेब, तिला विचारा, डब्यात परत भेंडी का?" "भाऊ, त्यांना सांगा, काल बटाटे कोण विसरलं?" मी निरोप इमानदारीत पोचवतो. ऑफिसात इतकं मन लावून काम केलं असतं, तर खरोखरचा साहेब झालो असतो.

मध्यंतरी तिचा वाढदिवस आला. गल्लीतल्या पुढाऱ्याचा लागतो तसा फ्लेक्स यानं टाकीपाशी लावला. वर ती, डोळ्यांवर कॉम्प्युटरवर चढवलेला काळा गॉगल; खाली 'शुभेच्छुक' म्हणून आम्हा रोजच्या पॅसेंजरांचे गोल गोल फोटो; आणि मधोमध ठळक अक्षरांत, 'चाळिसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' कारखान्यात तिनं पस्तीस सांगितलेले. आणि तिथल्या सगळ्या बायका टाकीवरूनच घरी जातात.

त्या संध्याकाळी ती आमच्यासमोरून ताडताड चालत गेली नि दुसऱ्या रिक्षात बसली. तिसऱ्या दिवशी कळलं, आंबिवलीला भावाकडे राहायला गेली, कामावरही तिथूनच येते. हा मात्र रोज टाकीपाशी थांबायचा, हॉर्न वाजवायचा आणि रिकाम्या सीटसकट आम्हाला घरी सोडायचा. एकदा आरशात न बघताच म्हणाला, "साहेब, नायच आली तर?" हा निरोप कुणाला पोचवायचा, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती समोरून जाताना दिसली तसा मीच खाली उतरलो. "वहिनी, चुकलाय हो तो."

"तुम्ही तर बोलूच नका भाऊ! त्या फोटोत सगळ्यात जास्त दात तुमचेच दिसतायत!"

तेवढ्यात हा रिक्षाच्या टपावर चढला, फ्लेक्स खसकन ओढला, आणि टपाचं कापड फाटून त्याचा एक पाय थेट आत, तिसऱ्या सीटवर लोंबकळायला लागला.

"अहो, पाय काढा आधी!" ती किंचाळली. "माझी सीट आहे ती!"

सहा दिवसांत पहिल्यांदाच मला मध्ये न घेता ती त्याच्याशी बोलली होती. मग सीट पदरानं पुसून बसलीसुद्धा.

फाटक्या टपाला आता आतून तोच फ्लेक्स शिवलाय, चाळीस तेवढे कापून. वर बघितलं की गॉगलवाली ती, आणि कोपऱ्यात मी, दातांसकट. आयुष्यात माझा फोटो लागलेला हा एकच फ्लेक्स, तोही दुसऱ्याच्या बायकोच्या वाढदिवसाचा. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, ती येणार नसते. तरी हा टाकीपाशी क्षणभर थांबतो, आरशात बघतो, मग निघतो. सीट रिकामी असते, पण आम्ही कुणी सरकून बसत नाही.