खैतानमधली रिकामी इमारत

इमारतीसमोर गाडी थांबली की साहेब काच अर्धी खाली करत, नाकावरचा रुमाल न काढता वर बघत आणि म्हणत, "रिकामी आहे. लिहा." मी लिहून होईपर्यंत काच वर गेलेली असे. तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. जिन्याशी त्यांचं जुनं वैर असतं.

एक्क्याण्णवचा उन्हाळा होता. इराकी फौज निघून गेली होती, पण तेलविहिरी अजून जळत होत्या आणि भर दुपारी गाड्यांना दिवे लावावे लागत. लोक पळून गेल्यावर ओस पडलेल्या, लुटलेल्या इमारती पुन्हा राहण्याजोग्या करायला सरकार पैसा देत होतं. आमच्या ठेकेदार कंपनीकडे खैतानमधल्या काही गल्ल्या आल्या. अट एवढीच, की इमारत पूर्ण रिकामी हवी. एक जरी भाडेकरू राहत असला तर दुरुस्ती मालकाने करायची. त्यामुळे आमच्या साहेबांना त्या गल्ल्यांत कुठेच माणूस दिसत नसे.

साहेब पुण्याचे, सिव्हिल इंजिनिअर. राहायला दूर, मंगफ उपनगरात. "अहो, शहर पुन्हा उभं करायचंय," असं ते सह्या करता करता सांगत. ज्या घरांच्या कागदांवर त्या सह्या होत, त्यातल्या एकाचाही उंबरठा ओलांडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा सर्व्हेअर. नुकताच मिरजेहून परतलेला, नोकरीला घट्ट धरून बसलेला.

एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत होते. मी म्हटलं, साहेब, वर कुणीतरी राहतंय.

"कपडे दिसतायत. माणूस दिसतोय का तुम्हाला?"

मी रिकामी असं लिहिलं. हे मला लपवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र एकटाच वर गेलो. दापोलीकडचे एक म्हातारे शिंपी, सगळ्या इमारतीचे चाचा, तिथे एकटे राहत होते. खोलीत त्यांच्यापुरतीच जागा उरली होती. बाकी सगळीकडे चादरींत बांधलेली गाठोडी, आणि प्रत्येकावर मालकाचं नाव मशीनवर शिवलेलं. शेजारी देश सोडताना चाव्या देऊन गेले होते. लुटारू यायच्या आत चाचांनी प्रत्येकाच्या घरातलं जमेल तेवढं आपल्याकडे आणून ठेवलं होतं. फोटो, शाळेची सर्टिफिकेटं, एक पाळणासुद्धा.

"चाबी घेऊन बसलो, मग जाणार कुठे?" ते कोरा चहा ओतत म्हणाले.

सुरुवातीला जायचा प्रयत्न त्यांनीही केला होता. दुसऱ्या मजल्यावरचा एक इंजिनिअर आपली गाडी घेऊन जॉर्डनच्या वाटेला लागत होता. त्याला यांनी जागा मागितली. तो म्हणाला, जागा नाही. मागच्या सीटवर टीव्ही होता. हे सांगताना चाचा हसले. त्यांच्या हसण्यात राग शोधूनही सापडेना.

पंधरवड्याने काम सुरू झालं. रंगारी खालून रंगवत दोन मजले चढले आणि मजूर तिसरा मजला मोकळा करायला गेले. मी पोचलो तेव्हा दोन गाठोडी रस्त्यावर येऊन पडली होती आणि उरलेल्यांसमोर चाचा दारात बसले होते. साहेब गाडीत होते. म्हाताऱ्याला काय ते समजावून सांगा, असं त्यांनी काचेआडून सांगितलं. मी त्यांना कधी उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, तुम्ही वर आल्याशिवाय मी पुढचा एकही कागद लिहिणार नाही.

साहेब आले. प्रत्येक वळणावर थांबत आले.

चाचा उठून उभे राहिले. "या साहेब. वर्षाने आलात." मग आत जाऊन त्यांनी एक गाठोडं काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं. त्यावर साहेबांचं नाव होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही इमारत पाहायला वर जायची त्यांना गरजच नव्हती.

साहेबांनी तिथेच गाठ सोडली. लग्नाचा अल्बम, मुलाचं प्रगतिपुस्तक, प्रेशर कुकर. त्यांनी कुकर उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "याची शिट्टी कुठाय?"

चाचांनी माफी मागितली. घाईत राहिली असेल, म्हणाले. माणसाची इतकी किळस मला त्याआधी आली नव्हती, नंतरही क्वचितच.

उतरताना साहेब दुसऱ्या मजल्यावर थांबले. दार नसलेल्या घरात शिरले आणि एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. रंग ओलाच होता. कमरेच्या उंचीवर भिंतीला बोट लावून ते काहीतरी शोधत राहिले. "पोराची उंची लिहायचो इथे," ते म्हणाले, "पेन्सिलीने." त्यांच्याच सहीने लागलेला रंग त्यांच्या बोटाला लागत होता. मला हसायचं होतं. जमलं नाही.

खाली येऊन मी नवा कागद केला. एक भाडेकरू राहतो, असं लिहिलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. किंवा वाचून केली असेल. मला कधी कळलं नाही.

इमारत यादीतून गळली आणि अर्धी रंगवलेली तशीच राहिली. चाचा तिथेच राहिले. शेजाऱ्यांपैकी काही आले, आपापलं गाठोडं घेऊन गेले. एक आख्खी इमारत हातची गेल्याचं खापर कंपनीने साहेबांच्या माथी फोडलं आणि हिवाळ्यात त्यांना परत पाठवलं. त्यांचं विमान दुपारचं होतं. ऑफिसातलं कुणीच पोचवायला गेलं नाही. मला सुट्टी होती. मीही गेलो नाही.