मुंगीची कंबर

विषय : कचेरीतले किडे, आणि ते ओळखताना झालेली चूक.
संदर्भ : नागावच्या दाऊदमियांचा अर्ज.

कचेरीत किस्से धुळीसारखे साठतात. नोकरीत असताना ते कुणी झाडत नाही. पेन्शनीत मात्र दुसरं कामच नसतं.

*

पाहणीला आलेले साहेब खुर्चीत सारखे चुळबुळत होते. "काय चावतंय हो?"

"डास, साहेब!" आमचे अव्वल कारकून केशवराव म्हणाले.

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "केशवराव, ढेकूण होते ते."

"डास बाहेरून येतो. ढेकूण आपल्या खुर्चीतला. जबाब कोण देणार? तुम्ही?"

*

दप्तराला कसर लागली, म्हणून मी स्वखर्चाने किड्यांवरचं सचित्र पुस्तक मागवलं आणि दप्तरातच ठेवलं. वर्षाने उघडलं. कसरीने पानं चाळणीसारखी केली होती, फक्त कसरीचं चित्र शाबूत!

"स्वतःचा फोटो कोण खाईल?" शिपाई गणू म्हणाला.

*

दप्तरखान्याच्या कुलपात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. चावी आत जाईना. केशवरावांनी 'कुलूप नादुरुस्त' असं लिहून नवीन मागवलं. आठ दिवसांत ती त्यातही राहायला आली.

गणू म्हणाला, "बाईंना नवीन क्वार्टर मंजूर झाली!"

*

एका सकाळी कपाटाजवळच्या खिडकीत बारीक पंखांचा खच पडला होता. दाऊदमिया समोरच होते. शेजाऱ्याने त्यांच्या वाडीतल्या विहिरीवर हक्क सांगितला होता. विहीर त्यांचीच, हे दाखवणारा जुना कागद आमच्या त्या कपाटात होता. त्याच्या नकलेचा अर्ज त्यांनी आणला होता. विहीर गेली की पोफळी गेल्या.

पंखांत वळवळणारा एक किडा त्यांनी तळहातावर घेतला.

"भाऊसाहेब, ही मुंगी न्हाय. मुंगीला कंबर असते. हिला कुठं हाय? वाळवी ही. आजच कपाट उपसा."

मी पुस्तकं वाचलेला माणूस. म्हटलं, "दाऊदमिया, पोफळी तुम्ही सांभाळा, दप्तर आम्ही सांभाळतो."

आणि अहवालात लिहिलं : 'मुंग्या. कारवाईची जरुरी नाही.' केशवराव खूश झाले. मुंग्या बाहेरून येतात!

महिन्याने नकलेसाठी गठ्ठा काढला. वरचं फडकं जसंच्या तसं, आत माती.

कागद वाळवीने खाल्ला, असं वर कळवलं. उत्तर आलं : 'आपल्याच अहवालाप्रमाणे कपाटात मुंग्या होत्या. मुंग्या कागद खात नाहीत. सबब कागद असलाच पाहिजे. शोध घ्यावा.'

मुंग्या लिहिल्या ही माझी चूक, एवढी एक ओळ लिहायची होती. केशवराव म्हणाले, "पेन्शन तोंडावर आलीय. कशाला हात काळे करता?"

मी केले नाहीत.

दाऊदमिया दर सोमवारी यायचे. "सापडला का, भाऊसाहेब?" मुंगीच्या कंबरेची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

परवा नागावला गेलो होतो. विहिरीभोवती शेजाऱ्याचं कुंपण आहे. दाऊदमियांच्या पोफळी वाळल्या आहेत. परतताना कचेरीत डोकावून विचारलं. शोध चालू आहे. अर्ज अद्याप निकाली निघालेला नाही.