सकुकाकीने दाबलेला डोळा

टोकावड्यात आमच्या सकुकाकीच्या तोंडाला कुणी लागत नाही. मीही नाही, आणि मी तिचा सख्खा पुतण्या.

दामूकाकाला दम्याचा झटका आला, तेव्हा त्याला मुरबाडमधल्या एका आयसीयूत ठेवलं. भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. तोंडावरच्या मास्कमधून औषधाची वाफ चालू असायची. मास्क सैल, वाफ निम्मी नाकात, निम्मी डोळ्यांत. तिसऱ्या दिवशी सकाळी काका उजव्या डोळ्यावर हात धरून कण्हत होता. मास्कमुळे शब्द कळेनात. दिव्यांचा त्रास होतोय असं समजून काकीने त्याच्या डोळ्यांवर उपरणं टाकलं.

संध्याकाळी गेलो तर काका ओकत होता आणि डोळा लालभडक. "मास्कने झालाय लाल," सिस्टर म्हणाली.

काकी दरवर्षी पेंढ्यात आंबे पिकत घालते. कुठला झाला नि कुठला कच्चा, हे ती न बघता अंगठ्याने सांगते. तिने काकाच्या मिटल्या पापण्यांवरून दोन्ही डोळे अलगद दाबून पाहिले.

"ह्यो डोला कैरीवानी टनक झालाय गो! दुसरा नरम हाय. डोल्याच्या डॉक्टरला बोलव."

"आजी, टाइम संपला. बाहेर व्हा."

"मी नाय जायाची. वॉचमनला बोलव, पोलिसाला बोलव!" तिने खाटेचा गज धरला. मी लाजून तिला ओढत होतो. "अनिल, हात सोड रे!" ती ओरडली. आज आठवलं की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी डोळ्यांचे डॉक्टर आले. अचानक चढलेला काचबिंदू निघाला. काकाच्या डोळ्यांत पाणी निचरायची वाट मुळातच अरुंद. वाफेच्या औषधाने बाहुली मोठी झाली आणि ती वाट बुजली; पाणी तुंबून डोळा टणक झाला. अंधारात बाहुली आणखी पसरते, म्हणजे उपरणंही नडलं. थेंब झाले, सलाइनमधून औषध झालं, मग लेसरने बारीक भोक पाडलं. दुसऱ्या डोळ्यालाही पाडलं, कारण त्याचीही तीच गत झाली असती.

उजव्या डोळ्याची निम्मी नजर गेली. उपरणं छातीशी धरून काकी ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही अडून बसला नसतात तर डोळा पुरता गेला असता."

काकीने पदर खोचला. "माजं ऱ्हाऊ द्या. त्या पल्याडच्या खाटेवरल्या म्हातारीलाबी हीच वाफ हाय. तिचं कोनी येत नाय. तिचे डोले कोनी बघितले?"

डॉक्टर बॅटरी घेऊन त्या खाटेकडे गेले.