धानाच्या पोत्यातला गोफ

धानाच्या कोंड्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. टीव्हीवर आगगाडीतल्या दागिनेचोरांचा जुना काळा-पांढरा सिनेमा लागला होता. चोरानं हिऱ्यांचा हार मालडब्यातल्या गव्हाच्या पोत्यात खुपसला, तशी माझी सून ताडकन उठली. "आई, माहा सोन्याचा गोफ धानाच्या पोत्यात आहे." माझा मुलगा सकाळीच ती पोती मिलवर घेऊन गेला होता. आम्ही दोघी उन्हात अनवाणी पळालो. मशीन धडधडत होती, दोन पोती भरडून झाली होती आणि हमाल तिसरं उचलत होता. मी ओरडून मशीन बंद करायला लावली आणि उरलेली पोती खांद्यापर्यंत हात घालून चाचपू लागले. "मावशी, धानात पोहून राहिली का?" मिलवाला हसला. सून भिंतीला धरून उभी होती. शेवटी एका पोत्याच्या तळाशी गोफ हाताला लागला. "धानात कायले लपवला?" मी तिला विचारलं. "तुमच्या भेवानं. नणंदेच्या लग्नात द्याले मांगाल म्हणून." खरं तर त्याच आठवड्यात मी तो मागणार होते. आता ती स्वतः सासू झाली आहे, पण गोफ अजून गळ्यातून काढत नाही.