हरणटोळाचा दोष नव्हता

हरणटोळ साप मी नीट पाहिला तो आता, म्हातारपणी, द्राक्षाच्या मांडवाखाली बसून. बोटापेक्षा बारीक, पोपटी, तोंड पुढे चोच काढल्यासारखं. डोळ्यातली बाहुली आडवी, बकरीसारखी. वारा सुटला की वेलीबरोबर डुलतो, थांबला की तोही थांबतो. सरडे, पाली, बेडकं खातो. त्याचं विष त्या सरड्यापुरतंच. माणसाला चावला तर फार तर थोडी सूज येते. अंडी घालत नाही, मादी जिवंत पिल्लं देते.

हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. दिंडोरीकडच्या आमच्या शिवारात सापातलं कळणारा माणूस मीच. म्हणजे तसं मीच म्हणवून घ्यायचो. शाळा तिसरीपर्यंत, पण बोलायला लागलो की मास्तरालाही गप्प करायचो.

दोन वर्षांपूर्वी विरळणी चालू होती. बाया घडातले जादा मणी कात्रीनं काढत होत्या. टोळीतल्या एकीनं, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची असेल, घडाला हात घातला आणि वेल समजून हरणटोळालाच धरलं. तो डाव्या हाताच्या बोटाला चावला.

"बाबा, गाडी काढायला सांगा, दवाखान्यात नेऊ," बाया म्हणाल्या.

"दवाखाना येईस्तोवर विष डोक्यात जाईल. मला शिकवू नका."

हा साप चावला की माणूस उरत नाही, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. मी तिच्या मनगटाला सुतळी करकचून बांधली आणि विरळणीच्याच कात्रीनं बोटाला चीर दिली. हात काळानिळा पडला तरी सुतळी कुणाला सोडू दिली नाही. दुपार टळल्यावर दवाखान्यात नेलं.

तिला आत ठेवून डॉक्टर बाहेर आले. "बाबा, हे सापानं नाही झालं. सुतळीनं हात सुजला, कात्रीनं बोट वाकवणारी शीर तुटली. बांधलं कुणी?"

"असेल टोळीतलं कुणीतरी," मी म्हणालो.

ते बोट परत वाकलं नाही. तरी ती सगळ्यांना सांगायची, बाबा होते म्हणून मी हाय. दोन्ही नागपंचमीला पुरणाचे दिंड घेऊन आली, पाया पडली. मी दिंड खाल्ले. लोक ऐकत होते तेव्हा ताठ बसून खाल्ले.

यंदा टोळीत चार नव्या बाया आल्या. विरळणीच्या पहिल्या सकाळी ती प्रत्येकीला हातभर सुतळी वाटत होती.

"कमरेला खोचून ठेवा. जनावर चावलं की आवळून बांधायची, वर चीर मारायची. बाबा, सांगा ना यांना, कुठं चिरायचं ते."

पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक तर अजून पोरच दिसत होती. तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं.

"ती सुतळी टाकून द्या," मी म्हणालो. "त्या सापात माणूस मारायचं विष नाय. तुझं बोट माझ्या कात्रीनं गेलं. डॉक्टरनं मला सांगितलं व्हतं."

एकजण हसली. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं असेल तिला. बोट गेलेली ती हसली नाही.

"कधी सांगितलं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "आन दोन वर्षं दिंड खाल्ले तुम्ही."

तिनं नव्या बायांकडून एकेक सुतळी परत घेतली आणि त्यांना सांगितलं, "कुणाला काय बी चावलं, साप कसला का असंना, पहिली गाडी काढायची. मधे कुणाचं ऐकायचं नाय. यांचं तर मुळीच नाय."