व्याह्यांची कडू कॉफी

माझ्या व्याह्यांइतका चिवट माणूस अख्ख्या जपानात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला माझ्या दारापासून लांब ठेवा. व्याही म्हणजे सुनेचे वडील, जपानी. सन नव्वदच्या सुमाराला आम्ही दोघं नवरा-बायको मुलाकडे जपानात, फुनाबोरीला राहायला आलो. सून मराठी शिकलेली, पण मला यांची भाषा येत नाही. यांना मराठीतले दोनच शब्द येतात, "घ्या हो". ते आमच्या हिनं शिकवले. ही चहात तीन चमचे साखर घालायची आणि कप रिकामा दिसला की "घ्या हो" म्हणून परत भरायची. पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं असं त्यांच्यात, कप रिकामा ठेवायचा नसतो असं आमच्यात. बिचारे घाम पुसत चार-चार कप प्यायचे.

ही गेली. त्याच वर्षी डॉक्टर मला म्हणाला, लिव्हरवर चरबी चढलीय. साखर, तळलेलं, भात कमी करा, चाला. जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तरी! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला व्याही सायकलला थर्मास बांधून हजर. आत काळी कॉफी, बिनसाखरेची, कडू जहर. लिव्हरला बरी असते असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं. डॉक्टर म्हणाला, "प्या, पण तेवढ्यानं भागायचं नाही." झालं, यांनी माझा भात काट्यावर मोजायला घेतला. नदीकाठानं मला बैलासारखं पुढं घालून चालवायचे. भज्यांचा वास आला तर पोटच्या पोरीवर डोळे वटारायचे.

सगळं ऐकलं मी. चहा मात्र सोडेना. हिचंच भांडं, हिचाच चमचा, तीन चमचे साखर. हिचं तेवढंच उरलं होतं. एकदा त्यांनी कप धरला तसा मी ओरडलो, "हात लावू नका! मेलो तर मेलो." सुनेनं ते त्यांना सांगितलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी कप सोडला आणि तिच्याशी काहीतरी बोलले. ती डोळे पुसत म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, चहा रोज करा. अगदी तस्साच. पण आईंना द्या. आईंना आता लिव्हर सांभाळायचं नाही."

त्यांच्यात गेलेल्या माणसापुढं रोज चहा ठेवतात म्हणे. आता सकाळी मी चहा करतो. व्याही दोन्ही हातांनी तो हिच्या फोटोपुढं ठेवतात, कमरेत वाकतात आणि हिच्याच सुरात म्हणतात, "घ्या हो." मग मला कॉफी ओततात. माझा कप रिकामा होतो. हिचा भरलेलाच राहतो.