बाईच्या हौदातलं विरजण

बातमी आली तेव्हा मी फुलचूरच्या दुकानात गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत होतो. फोन बिरसीहून, शेजारच्या रामकलाचा होता. बाई अंगणात हौदाजवळ बसल्या होत्या, बसल्या बसल्याच गेल्या. मी खिळे पूर्ण तोलले, पुडी बांधली आणि मग शटर ओढलं. अशा वेळी हात आपलं काम का सोडत नाहीत, कोण जाणे...

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर तिने शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर बिरसीच्या शेतातल्या घरी राहायला गेली. आता भजनात रमेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने अंगणात वीतभर खोलीचा सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि त्यात शेवाळ वाढवायला लागली. लोक ज्याला काई म्हणून खराट्याने घासून काढतात, तेच हे निळं-हिरवं शेवाळ. बाई लगेच दुरुस्ती करायची की हे खरं शेवाळ नाहीच, हे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया, जुन्या सवयीने आपण शेवाळ म्हणतो. पृथ्वीवर श्वास घ्यायला प्राणवायूच नव्हता तेव्हा यांनीच उन्हावर अन्न करता करता तो सोडला, हे तिने भाजीवालीलाही समजावलं होतं. मी हसलो की म्हणायची, "तू श्वास घेऊन राहिला ना, तो ह्यायच्याच भरवशावर."

शाळेच्या भंगारातून घेतलेला सूक्ष्मदर्शक तिच्याकडे होता. एकदा तिने मला त्यात बघायला बसवलं. हिरव्या मण्यांच्या माळा, आणि मधेच एखादा फिक्कट, जाड भिंतीचा मणी. हवेतला नत्र पकडायचं काम त्या मण्याचं. प्राणवायूने ते काम बिघडतं, म्हणून तो स्वतः अन्न करणं सोडून देतो. शेजारचे मणी त्याला पोसतात आणि तो त्यांना नत्र देतो. शेवाळ मेलं, कुजलं की तो नत्र धानाला मिळतो. मी म्हटलं, बाई, हा मणी म्हणजे तूच. तिने वर न बघता उत्तर दिलं, "मले कोणी पोसत नाही. मी पेन्शनवर जगून राहिली."

तिची रीत साधी होती. उन्हाळ्यात हौदात शेतातली माती, थोडं सुपर फॉस्फेट, पाणी, आणि वर मागच्या वर्षीच्या सुक्या पापडीचा चुरा. आठ-दहा दिवसांत जाड साय धरायची, मग पाणी आटू द्यायचं आणि पापडी खरवडून घ्यायची. धानाची रोवणी झाल्यावर आठवड्याने ती बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, पाण्यात फेकायची. युरिया सुटत नाही, पण कमी लागतो, एवढंच ती सांगायची. चमत्काराच्या गोष्टी तिला चालत नसत. विरजण न्यावं तशा आसपासच्या बाया डबा घेऊन येत. देताना तिची एकच अट असे, की मूठभर मागे ठेवा. आम्ही सगळे मान डोलवायचो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच दारात उभे राहायचो. ती होती ना.

एका वर्षी गावचा तलाव रंग ओतल्यासारखा हिरवागार झाला. बाई दिवसभर काठावर काठी घेऊन उभी राहिली आणि म्हशी माघारी हाकलत राहिली. या जिवाणूंतल्या काही जाती विषारी असतात, म्हणे. लोकांनी टोमणे मारले, बाईचेच नातेवाईक आहेत ना? ती म्हणाली, "आपलं आहे म्हणून सगळंच चांगलं नसते."

आता माझी करणी सांगतो. तेरावीला पाहुणे येणार, कोणी घसरून पडेल, म्हणून मी स्वतः तिचा हौद रिकामा केला, ब्लीचिंग टाकलं आणि तारेच्या ब्रशने लख्ख घासला. स्वयंपाकघरात खिळ्याला एक कापडी पिशवी होती. तिच्यातली माती उकिरड्यावर झटकली, पिशवी धुतली. भाजी आणायला कामी आली. सगळे म्हणाले, भावाने फार केलं. मलाही बरं वाटलं.

मृगाच्या आधी रामकला डबा घेऊन आली. हौदाकडे बघून तिने डबा तसाच काखेत धरला. "कायले घासला जी भाऊ?" पिशवीतली ती माती म्हणजे मागे ठेवलेली पापडी होती, हे तेव्हा लक्षात आलं. बाईने सोळा वर्षं जपलेलं विरजण मी एका सकाळी संपवलं होतं. बाई गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. रामकला आली त्या दिवशी हौदाच्या कडेवर बसून रडलो.

मग दोन दिवस स्कूटरवर दारोदार फिरलो. एकाकडेही मूठभर निघालं नाही. शेवटी रामकलालाच आठवलं, की खरवडून झाल्यावर हौदाचं धुवण बाई दर वर्षी खालच्या बांधीत सोडायची. सकाळीच आम्ही दोघं गेलो. वर बिरसीच्या धावपट्टीवरून विमान चालवायला शिकणारी पोरं घिरट्या घालत होती आणि आम्ही खाली वाकून भेगाळलेल्या जमिनीवरून कडा वळलेल्या, करड्या, कागदासारख्या पापड्या गोळा करत होतो. हे जिवाणू वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात, पाणी लागलं की उठतात, असं बाई सांगायची. हौद पुन्हा पुन्हा धुतला, ब्लीचिंगचा वास गेला, तेव्हा माती भरली. पाचव्या दिवशी कडेला हिरवी रेघ दिसली. सूक्ष्मदर्शकात माळा दिसल्या, फिक्कट मणीही दिसला. ते बाईचंच आहे की रानातलं, हे सांगायला आता बाई नाही...

रोवणी उरकल्यावर रामकलाने डबा भरून नेला. जाताना मी म्हटलं, मूठभर मागे ठेवजो.

"बाई सांगे तवा तुम्ही ठेवत होते का?" ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या पिशवीला अजून भाजीचा डाग आहे. तिच्यात पापडी भरून ती बाईच्याच खिळ्याला टांगली आहे. दुसरी पुडी दुकानात, गल्ल्याच्या वर. गिऱ्हाईक विचारतं, ही माती कायची? मी सांगायला बसतो, खिळे तोलायचे राहून जातात.